आबांचं ‘हाव’

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आता ‘अजूनही नाही’ म्हणताना जीभ जरा अडखळते, एवढंच. आमचं घर बौद्ध. वडील, म्हणजे आमचे आबा, देवणीजवळच्या एका गावात शाळामास्तर. गावात कुणाच्या अंगात आलं, कुणाला भानामती झाली असं कळलं की शाळा सुटल्यावर आबा मुद्दाम तिकडे जायचे आणि समोरच्याला बोलून बोलून बेजार करायचे. त्यांची मी पोरगी. तुम्हा लोकांचे अनुभव मी चहाबरोबर, गंमत म्हणून वाचते. माझा लिहायला मात्र इतकी वर्षं लागली.

लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झाला होता. कलेक्टर ऑफिस भाड्याच्या इमारतीत, फायली ट्रकमधून येऊन व्हरांड्यात पडलेल्या. मी तिथे टायपिस्ट. त्यात दुष्काळ. दिवसभर अमक्या गावाला टँकर मंजूर, तमक्या गावाला टँकर मंजूर असे आदेश बडवायचे आणि स्वतःच्या घरासाठी घागर घेऊन पळायचं... आमच्या वस्तीत नळच नव्हता. ऑफिसात सगळे मला टँकरवाल्या मॅडम म्हणून चिडवायचे. मीही हसायची.

लातूरच्या घरात आम्ही तिघं. मी, आबा आणि माय. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला उजेड-अंधार तेवढा कळायचा. भाऊ किनवटला आश्रमशाळेत नोकरीला. ‘पुढच्या महिन्यात येतो’ असं त्याचं पत्र दर महिन्याला यायचं. आणि आबांना रिटायर झाल्यावर वर्षभरातच लकवा मारलेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचेतला एकच शब्द तेवढा मागे राहिला – ‘हाव’.

आता यातली गंमत बघा. आबांनी सगळी नोकरी पोरांना दटावण्यात घालवली होती – “हाव काय रे? होय म्हण, होय!” आम्हा भावंडांना तर घरातसुद्धा ‘हाव’ची बंदी होती. आणि शेवटी त्यांच्या तोंडी राहिला तो हाच शब्द. दुखतंय का? हाव. थांबलं का? हाव. ऊन आहे का पाऊस आहे? हाव. पहिल्यांदा मी खूप रडले, मग सवय झाली.

आणि सवय झाली तिथेच माझं चुकलं. मी त्या ‘हाव’चा फायदा घ्यायला लागले. “आबा, तुम्ही जेवा, मी मागून खाते. चालेल ना?” हाव. “आबा, ते उदगीरचं स्थळ नको म्हणून कळवू ना?” हाव. डॉक्टरांनी मला रक्त कमी आहे म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या. “आबा, या पगारानंतर आणते, काय घाई आहे?” हाव. मग मायला सांगायची, आबांना विचारूनच करतेय सगळं.

माय भडकायची. “त्यांचं काय ऐकून राहिलीस, शके? ते तर भिताडाला बी हाव म्हनतेत! तू आधी दोन घास खा.”

“खाल्लं गं.”

“खोटं नको बोलू. ताटाचा आवाज आला न्हाई मला.”

तिला दिसत नव्हतं, पण माझ्या न जेवण्याचा हिशोब तिचे कान ठेवायचे. मी मात्र दोघांना भरवून, धुणं-पुसणं उरकून तशीच आडवी व्हायची. कधी भाकरी उरायची नाही, कधी उरली तरी चावायचं त्राण नसायचं. पाणीसुद्धा कमी प्यायची, कारण जे पिणार ते मलाच आणायचं होतं! याला मी सेवा म्हणायची. मनातल्या मनात थोडा गर्वही होता, तोही कबूल करते.

त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. लख्ख ऊन. वस्तीपलीकडे एका शेतात विहीर होती, घरापासून सात-आठ मिनिटांची वाट. कठडा नव्हता. काठावर एक दगड आत झुकलेला, त्यावर उभं राहून पोहरा सोडायचा. पाणी पार तळाला. माझ्यामागे फक्त शेजारच्या हलिमाआपा होत्या. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं. कानात सूं सूं होत होतं, पण ऑफिसला उशीर होत होता. मी त्या दगडावर टाकायला पाय उचलला...

“न्हाई. शके, न्हाई.”

अगदी मागून. आबांचा आवाज – आजारपणातला नव्हे, शाळेतला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी गर्रकन वळले. मागे आपांशिवाय कुणी नाही. आणि वळता वळताच डोळ्यांपुढे अंधारी आली. मी शेताच्या बाजूला मातीत कोसळले. घागर मात्र दगडावरून आत गेली. ती तळाला आपटल्याचा आवाज मी पडल्या पडल्या ऐकला.

शुद्धीवर आले तेव्हा आपा पदरानं वारा घालत होत्या. “कौन बुलाया गे तेरे कू? अब्बा की आवाज थी ना?”

“तुम्हाला ऐकू आलं?”

“तो मैं क्या बहिरी हूं?”

त्यांनी दुपारसाठी बांधून आणलेली स्वतःची भाकरी मला भरवली, हाताला धरून घरी आणलं. आबा खाटेवर होते तसेच. माय उशाशी बसून रडवेली झालेली. मी विचारलं, “माय, आबा काही बोलले का आत्ता?”

“कुठलं गं! मीच मघाधरनं हाका मारून राहिले... हाव बी म्हनंना गेलेत.”

मी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. “आबा, मला ओळखता ना?” ते नुसते बघत राहिले. त्या सकाळनंतर ‘हाव’सुद्धा गेलं, ते परत आलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, दुसरा लहानसा झटका येऊन गेला असेल. असेलही. उपाशीपोटी मला भास झाला, असंही धरू. पण मग आपांना काय झालं होतं? त्या तर घरून पोटभर खाऊन आल्या होत्या. आज त्या खूप थकल्यात, तरी विचारलं की तेच सांगतात. आणि ज्यांनी ‘हाव’ला जन्मभर हाकललं ते आबा ‘नाही’ न म्हणता ‘न्हाई’ का म्हणाले, तेही मला कळलेलं नाही.

पण माझी झोप उडवते ती गोष्ट वेगळीच. ती दोन वर्षं मी विचारत होते आणि ते ‘हाव’ म्हणत होते, तेव्हा आत हा दुसरा शब्द अडकून पडला असेल का? दर वेळी?

त्यानंतर आबा चार महिने होते. मी रोज माझं ताट आधी वाढून घ्यायची, त्यांच्यासमोर बसायची आणि विचारायची, “आबा, आज मी आधी जेवू?” ते माझा घास तोंडात जाईपर्यंत नजर हलवायचे नाहीत, मग डोळे मिटून घ्यायचे. बाजूला माय कान देऊन बसलेली असायची.

आता दोघंही नाहीत. मी एकटीच असते, जेवण वेळेवर करते. ताटावर बसले की अजूनही विचारते, आबा, जेवू? जरा वेळ थांबते. कुणी ‘हाव’ म्हणत नाही... कुणी ‘न्हाई’ही म्हणत नाही. मग मी जेवते.