मँगनीजवर काळा दिसणारा माणूस

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडील एका बर्फाळ पोस्टवर झाली. जागेचे नाव लिहिणे उचित नाही, म्हणून लिहीत नाही. हुद्दा हवालदार. आज मी बैहरला तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहितो. माझे शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे उदाहरण नाही. ते अर्ज हिंदीत असतात. ही हकीकत मी हेतुपुरस्सर मराठीत लिहीत आहे, कारण ज्याच्याविषयी ती आहे तो माझ्याशी दुसऱ्या भाषेत कधी बोलला नाही.

तो लान्स नायक प्रल्हाद मेश्राम. गाव तिरोडी, वडील मँगनीजच्या खाणीत कामाला. माझे गाव हट्टा. संपूर्ण कंपनीत बालाघाट जिल्ह्याचे आम्ही दोघेच होतो. जवानांचे रजेचे अर्ज मी लिहीत असल्याने तो मला वकीलसाहेब म्हणे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, याची मी कधी चौकशी केली नाही.

आमच्या ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या चौकीवर, एक एचएचटीआय होता. हे हातात धरून वापरण्याचे थर्मल यंत्र. ते दुर्बिणीसारखे डोळ्याला लावतात, परंतु ते उजेड पाहत नाही, उष्णता पाहते. बटण दाबले की माणूस दिसतो, असा सिव्हिलियन लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. प्रथम मागची काच आपल्या डोळ्याच्या नंबरप्रमाणे फिरवावी लागते. मग पुढच्या रिंगने फोकस. त्यानंतर लेव्हल आणि गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा आणि उठाव. चित्रात जाळे दिसू लागले तर कव्हर लावून कॅलिब्रेशन. ड्यूटी बदलली की येणारा जवान हे सर्व नव्याने करतो. मेश्रामला आणि मला मात्र मागची काच फिरवावी लागत नसे. आमच्या डोळ्यांचा नंबर एकच होता.

यंत्रात आणखी एक निवड असते. व्हाइट हॉट लावले की उष्ण वस्तू पांढरी दिसते आणि थंड वस्तू काळी. ब्लॅक हॉट लावले की नेमके उलट. मेश्रामने या दोहोंना आपल्याकडची नावे दिली. पांढऱ्याला चिन्नोर, आपल्या तांदळावरून. काळ्याला मँगनीज. महिनाभरात सारी पोस्ट तसेच बोलू लागली. आमचे सुभेदार साहेब गढवालचे, पण तेही विचारत, "मशीन चिन्नोर पे है कि मँगनीज पे?"

मी बहुधा चिन्नोरवर ठेवीत असे. मेश्रामला ते पसंत नव्हते.

"वकीलसाहेब, बाहेर बर्फ पांढरा, अंदर माणूस पांढरा. डोये फुटतीन तुमचे. मँगनीज लावा न."

"पुस्तकात व्हाइट हॉट लिहिलं आहे."

"पुस्तक लिवणारा तिरोडीले आलता का कधी?"

त्याच्या आग्रहाने मी मँगनीज लावू लागलो. डोळ्यांना खरोखर आराम वाटला.

फेब्रुवारी महिन्यातील एका दुपारी मेश्राम दोन जवानांसह शेजारच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोलवर गेला होता. परत येताना नाल्यावरचा बर्फाचा उतार सुटला. पुढचे दोघे वाचले आणि धावत पोस्टवर आले. सर्वांत मागे असलेला मेश्राम खाली गेला. बारीक बर्फ पडत होता. नुसत्या डोळ्यांनी नाल्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता.

मी ओपीवर होतो. फोकस लावला, लेव्हल खाली घेतली आणि काठ डावीकडून तपासत गेलो. एका खडकाजवळ तो सापडला. कमरेपासून खाली बर्फात, वरचा भाग मोकळा. तेवढ्यात माझ्या वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

"वकीलसाहेब, दिसून राह्यलो का मी?"

"दिसून राह्यला. हालू नको."

"हालतो कुठी. पाय कोठी हायेत तेच समजून नाही राह्यलं मले."

"पार्टी येऊन राह्यली. बोलत राह्य."

"हौ. तुमी अर्ज लिवून ठेवा माह्या रजेचा. कारण, पाय हरवले."

सुभेदार साहेब तीन जवान घेऊन निघाले. त्या बर्फात त्यांना काही दिसत नव्हते. यंत्र फक्त माझ्याकडे होते, म्हणून मी सांगेन तशी त्यांची पावले पडत होती. वरचा उतार अजून भरलेला होता. तोही सुटला असता तर पाच जण गेले असते. पोस्टवरून कंपनी कमांडर मेजर साहेब सेटवर ऐकत होते. ते नुकतेच रुजू झाले होते. त्यांचा हुकूम स्पष्ट होता: जिवंत माणसासाठी पार्टी पुढे जाईल, मृतदेहासाठी सकाळपर्यंत थांबेल. हुकूम योग्यच होता.

पार्टी नाल्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत सेटवर मेश्रामचा आवाज येईनासा झाला होता. तिथून सुभेदार साहेबांनी विचारले, "ओपी, मेश्राम कैसा दिख रहा है?"

मी उत्तर दिले, "काला, साहब. पूरा काला."

सेटवर मेजर साहेबांचा आवाज आला. "पार्टी, वापस आ जाओ. जवान ठंडा हो चुका है."

त्यांनी शिकलेल्या रीतीने काळा म्हणजे थंड. पार्टी थांबलेली मला यंत्रात दिसली.

"सर, मँगनीज! मँगनीज पे है सर, मँगनीज पे काला मतलब जिंदा!"

"क्या मँगनीज? ठीक से बोलो, हवालदार."

मला त्या क्षणी ब्लॅक हॉट हे शब्द आठवले नाहीत. रोज लांबलचक वाक्ये लिहिणारा मी, तोंडात तेवढा एकच शब्द होता. तो मी पुन्हा उच्चारला. मग सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, "सर, हमारी पोस्ट की बोली है. ब्लॅक हॉट. जवान जिंदा है. मैं आगे बढ़ रहा हूँ."

"बढ़ो," मेजर साहेब म्हणाले.

मेश्रामने हे सर्व ऐकले होते. तो हसत असावा. सेटवर त्याचा श्वास पुन्हा तुटक येऊ लागला.

"मेजर साहेबाले... तिरोडीले पाठवा लागते एकडाव."

"पाठवू. तूच घेऊन जाजो त्याहिले."

"हौ," तो म्हणाला.

त्यानंतर मी अनेकदा हाक मारली. उत्तर आले नाही. परंतु यंत्रात तो पूर्ण काळा होता, आणि मी पार्टीला तसेच कळवीत राहिलो. दहा कदम. बाएं. सीधे.

ऑटो गेनवर, म्हणजे उठाव यंत्रावरच सोपवला असता, हे यंत्र समोरच्या दृश्यातील सर्वांत उष्ण वस्तूला पूर्ण काळी करून दाखवते. ती वस्तू बर्फाहून थोडीच उष्ण असली तरीही. हे मला पाठ होते. चार काळ्या आकृत्या त्याच्याजवळ पोचल्या, त्याच चित्रात आल्या, आणि मेश्राम राखाडी झाला. मी लेव्हल फिरवली. कव्हर लावून कॅलिब्रेशन केले. पुन्हा पाहिले. यंत्रात दोष नव्हता.

"नब्ज है," सुभेदार साहेब म्हणाले. "हल्की है. उठा रहे हैं."

त्यांनी त्याला बाहेर काढले, स्ट्रेचरवर बांधले आणि निघाले. पोस्टच्या वाटेने ते चित्राबाहेर गेले. त्यांना दिशा देण्याची आता आवश्यकता नव्हती, कारण ते आपल्याच पाऊलखुणांवरून परतत होते. मी यंत्र मात्र जागेवरून हलवले नाही. मेश्राम जिथे पडला होता तिथे, खडकाशी, एक डाग राहिला होता. त्याचे खांदे, एक हात, पाठ. त्याच्या अंगाची ऊब तेवढी बर्फात उरली होती.

सेट वाजला. वाटेतच सुभेदार साहेबांनी कळवले, "मेश्राम नहीं रहा." मेजर साहेबांनी "रॉजर" म्हटले, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हटले.

डाग कडेकडून पुसट होऊ लागला. प्रथम हात गेला. मी गेन मॅन्युअलवर घेतला आणि वाढवला. हात परत आला, आणि पुन्हा गेला. मी आणखी वाढवला. चित्रात सर्वत्र जाळे पसरले, तरी पाठीची रेघ ओळखू येत होती. माझी ड्यूटी संपली होती आणि बदली जवान मागे उभा होता. त्याने यंत्र मागितले नाही.

गेन शेवटपर्यंत गेल्यावर पुढे फिरवायला काही उरत नाही. लान्स नायक प्रल्हाद मेश्राम, राहणार तिरोडी, जिल्हा बालाघाट, मला तेवढा वेळ आणखी दिसत होता.