सोनेरी काठाचा झेंडा

पुण्याहून जयपूरची गाडी सुटली, तेव्हा माझ्या मांडीवर कंदी पेढ्यांचा डबा होता आणि डोक्यात भूतान.

साताऱ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यात भूतानच्या वाट्याला वर्षाकाठी दीड मिनिट यायचं. "राजधानी थिंफू, प्रदेश डोंगराळ, चला, आता श्रीलंका." माझा धाकटा भाऊ श्रीकांत मात्र त्या दीड मिनिटावर उभा जन्म काढून बसला. जयपूरच्या एका कॉलेजात तो राज्यशास्त्र शिकवतो आणि 'लहान राष्ट्रांचे परराष्ट्रधोरण' हा त्याचा ऐच्छिक पेपर. घरात आम्ही त्याला 'भूतानचे वकील' म्हणत आलो. तो कधी रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं आता वाटतं.

जानेवारीत त्याचा फोन आला. "ताई, या वेळी येच. मार्चअखेर मी रिटायर होतोय. माझ्यामागे हा पेपर बंद करायचा म्हणतायत. अकराच मुलं आहेत ना! शेवटचं एक व्याख्यान ठेवलंय. भूतानच्या परराष्ट्र खात्यात आयुष्य घालवलेल्या एक बाई येणार आहेत. प्राचार्य स्वतः बसतील. त्यांना पटलं तर पेपर राहील."

या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

जयपूरला उतरले ती सकाळ स्वेटर घालण्याजोगी गार होती. स्टेशनच्या फाटकाशी भाची उभी होती. मुक्ता वीस वर्षांची आहे, जयपुरातच वाढली, आणि तिच्या मराठीला हिंदीची फोडणी असते. "आत्या, किती पतली झालीस तू! बॅग दे, मी उठवते. बाबा कालपासून टेन्शनमध्ये आहेत, मतलब जेवत पण नाहीत." वैशाली नगरातल्या घराच्या वाटेवर तिने रिक्षा थांबवून मला प्याज की कचोरी (कांद्याचं तिखटगोड सारण भरलेली, तळहाताएवढी कचोरी) खाऊ घातली. पहिल्याच घासाला सारण जिभेवर उतरलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसरी मी मागून घेतली.

घरी श्रीकांत दिवाणखान्यात एक झेंडा पसरून बसला होता. तोंड कडू कारल्यासारखं. ऑनलाइन मागवला होता भूतानचा आणि पार्सलातून निघाला कुठल्याशा बेटाचा. भावजय नीलिमा म्हणाली, "बाजारात मोठमोठ्या देशांचे सगळे मिळतात हो वन्सं. हाच मिळत नाही." व्याख्यानाला तीन दिवस उरले होते.

तोड मुक्ताने काढली. झोटवाड्यात तिच्या ओळखीचे एक मास्टरजी होते. लग्नाचे पोशाख शिवण्यात त्यांचा हातखंडा. दुपारी तिच्या स्कूटीवर मागे बसून मी निघाले. वय त्रेसष्ट, गुडघे त्याहून चार वर्षांनी मोठे. झोटवाड्यातली वाहतूक म्हणजे बस, रिक्षा, हातगाड्या आणि लोखंडी सळ्या लादलेले टेंपो. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे वर्णन एवढंच.

मास्टरजींचं दुकान चार पावलांचं होतं. भिंतभर ओढण्या लटकत होत्या आणि प्रत्येकीच्या कडेला गोटा (सोनेरी-रुपेरी जरीपट्टी) चमकत होता. मास्टरजींची दाढी पांढरी, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मुक्ताने रंगीत चित्र पुढे ठेवलं. तिरका दुभागलेला झेंडा, वर पिवळा, खाली नारिंगी, मधोमध पांढरा ड्रॅगन.

"ये कौन जिनावर है, बाईसा?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला बसले. एकतीस वर्षांत जे वर्गात सांगितलं नव्हतं ते, तिथे, शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर. उत्तरेला एक प्रचंड देश, दक्षिणेला दुसरा प्रचंड देश, मध्ये हा. दोघांच्या मध्ये राहूनही आपलं घर आपल्या हातात ठेवलेला. जगातल्या पाच बड्या राष्ट्रांपैकी एकाशीही त्याने राजदूतांची देवाणघेवाण केलेली नाही. वैर कुणाशी नाही, फक्त दार ज्याच्यासाठी उघडायचं त्याच्यासाठी सावकाश उघडायचं. हे सारं मला श्रीकांतनेच वर्षानुवर्षं ऐकवलेलं, मी कानाआड केलेलं. ड्रॅगनच्या पंजांत रत्नं असतात, ती त्या देशाच्या सुखसमृद्धीची, हेही सांगितलं.

'रत्नं' म्हणताच मास्टरजी ताठ बसले. अखेर जयपूरचा माणूस. "मतलब छोटा घर है, पर इज्जतदार," ते म्हणाले. "मेहमान कब आ रहे हैं? बेफिकर रहो. ऐसा बनाऊँगा कि देखते रह जाएँगे."

दुसऱ्या दिवशी मुक्ताने मला जुन्या शहरात नेलं. गुलाबी भिंतींमधून एक उंच मनोरा डोकावतो, ईसरलाट. बाजूला लस्सीचा कुल्हड (मातीचा पेला) घेऊन आम्ही उभ्या राहिलो. मुक्ता म्हणाली, "आत्या, शाळेत हिस्ट्रीमध्ये मराठे आले ना, तर सगळे माझ्याकडे बघायचे. ज्याने हा मनोरा बांधला त्या राजाने मराठ्यांची फौज येतेय ऐकून जहर खाल्लं. मी काय बोलणार?" मी कुल्हड खाली ठेवला. आमच्या पुस्तकांतून आम्ही घोड्यावर बसून उत्तरेकडे निघतो आणि जिंकतो. ज्याच्या दारात तो घोडा उभा राहतो, त्याच्या खिडकीतून मी कधी पाहिलंच नव्हतं. श्रीकांत तीस वर्षं त्या खिडकीशी बसला होता. संध्याकाळी मी त्याला तसं सांगितलं. तो हसला आणि त्याने माझ्या ताटात गट्ट्याची (बेसनाच्या उकडलेल्या वड्यांची) भाजी वाढली.

व्याख्यानाच्या सकाळी झेंडा आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, व्याख्यानाला तासभर असताना. सभागृहात व्यासपीठावर दोन काठ्या उभ्या होत्या. एकीवर तिरंगा लागला होता. मुक्ताने कागद सोडला आणि झेंडा उलगडला.

ड्रॅगन अप्रतिम होता. खवलान् खवला रेशमाचा, मिश्या जणू वाऱ्यावर हलणाऱ्या. पण झेंड्याच्या चारही कडांना बोटभर रुंद सोनेरी गोटा, आणि चारही पंजांत खरे नग (रत्नाचे खडे). लाल, हिरवा, निळा आणि पुन्हा लाल.

श्रीकांतचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, देशाच्या झेंड्याला असं काही जोडता येत नाही. हा अपमान होतो." मुक्ताने घाबऱ्या घाबऱ्या मास्टरजींना फोन लावला. पलीकडून शांत उत्तर आलं, "बेटा, मेहमान के घर का कपड़ा सूनी किनार से कैसे भेजता?" पाहुण्याच्या घरचं वस्त्र बोडक्या काठाने द्यायचं नाही, ही त्यांच्या दुकानाची रीत. ती त्यांच्या वडिलांपासूनची. त्यांनी जीव ओतला होता आणि आमचा जीव चालला होता.

झेंडा लावावा तर चूक. न लावावा तर एकट्या तिरंग्याशेजारी रिकामी काठी, ती त्याहून मोठी चूक. टाके उसवावेत तर साटिन फाटणार. श्रीकांत व्यासपीठाच्या पायरीवर कात्री घेऊन बसला. माझा भाऊ मला इतका म्हातारा कधी दिसला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आणि तेवढ्यात पाहुण्या आल्या. अर्धा तास आधी.

पेमाजी ठेंगण्या, सत्तरीच्या आसपास. अंगात किरा (भूतानी बायकांचं पायघोळ वस्त्र), डाव्या खांद्यावर लाल भरतकामाचा पट्टा. शिक्षण दार्जिलिंगला झालेलं, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा स्वच्छ. श्रीकांतने उठून, हात जोडून, एक शब्द न लपवता सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि ड्रॅगनच्या पाठीवरून हळूहळू बोट फिरवत होत्या. मागे प्राचार्य येऊन उभे राहिले होते. ते घड्याळ पाहत होते.

"हा काठीवर चढवता येणार नाही," पेमाजी म्हणाल्या. (बोलणं हिंदीत, मी मराठीत सांगते.) "पण कात्री ठेवून द्या. हा झेंडा नाही, ही भेट आहे. भेट मी घेते."

मग त्यांनी प्राचार्यांना अदबीने विचारलं, "आपली हरकत नसेल तर आज दोन्ही काठ्या बाजूला ठेवूया का? मग या खोलीत कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही." प्राचार्यांनी मान हलवली. तिरंगा सन्मानाने उतरवून घडी घालून ठेवला गेला. गोट्याच्या झेंड्याची घडी पेमाजींनी स्वतःच्या हाताने घातली, मांडीवर घेतली. आणि म्हणाल्या, "ज्यांनी हे केलं त्यांना बोलवा. ते आले की सुरू करू."

मुक्ता स्कूटीवरून सुटली. पाऊण तास सभागृह थांबलं. अकरा मुलांचं सभागृह तोवर भरत गेलं, कारण काय चाललंय ते पाहायला बाकीचे वर्ग येऊन बसले. मास्टरजी आले ते कुर्त्याचं बटण लावतच. आपल्या हातून काय झालं ते त्यांना वाटेत मुक्ताने सांगितलं होतं. मान खाली होती. पेमाजी उठल्या, पिशवीतून पांढरी रेशमी ओढणी काढली (त्यांच्याकडे तिला खादर म्हणतात, मानाच्या माणसाला देतात) आणि त्यांच्या हातांवर ठेवली. मास्टरजींनी आधी कड चाचपून पाहिली. मी पाहिलं ते.

"तुमच्या सरांनी मला आमच्या परराष्ट्रधोरणावर बोलायला बोलावलंय," त्या मुलांना म्हणाल्या. "ते तुम्ही आत्ताच पाहिलंत. आमच्या वकिलाती बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. सैन्याच्या बळावर कुणाला आम्ही काही सांगू शकत नाही. म्हणून चूक आणि अपमान यांतला फरक ओळखणं, हेच आमचं शस्त्र. ज्याने प्रेमाने चूक केली त्याला शत्रू करणं आम्हाला परवडत नाही. आणि प्रेम केलं म्हणून चुकीचा झेंडा काठीवर चढवू देणंही परवडत नाही. या दोन्हींच्या मध्ये जी अरुंद वाट असते, तिच्यावर आमचा देश चालतो."

पुढचा तास मी वहीत उतरवून घेतला, विद्यार्थिनीसारखा. दहा मिनिटांत उठायचं ठरवून आलेले प्राचार्य शेवटपर्यंत बसले.

चहाच्या वेळी मी न राहवून पेमाजींना पेपरची गोष्ट सांगून टाकली. श्रीकांतने डोळे वटारले, पण माझ्या तोंडाला कधी कुणी कुलूप लावू शकलेलं नाही. त्यांनी "अच्छा" म्हटलं आणि मिर्ची वड्याचा तुकडा मोडला. थोड्या वेळाने प्राचार्यांना सहज विचारावं तसं विचारलं, "आपल्याकडे नवं वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होतं?" ते म्हणाले, "जुलैत." त्या पुन्हा "अच्छा" म्हणाल्या. मला वाटलं, गप्पा.

मी निघाले तेव्हा पेपरचं काहीच ठरलं नव्हतं. प्राचार्य "बघू" म्हणाले होते. स्टेशनवर श्रीकांतने माझी बॅग आत ठेवली आणि म्हणाला, "राहू दे ताई. निदान एकदा तरी सभागृह भरलेलं पाहिलं." मला त्याच्याकडे बघवेना. पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात नीलिमाने घेवर (तिथली जाळीदार मिठाई) भरून दिलं होतं, ते मी साताऱ्यापर्यंत उघडलं नाही.

एप्रिलमध्ये फोन आला. श्रीकांत हसत होता, त्याला बोलताच येईना. शेवटी मुक्ताने फोन घेतला. "आत्या, थिंफूहून पार्सल आलं! बाबांच्या नावाने नाही, प्राचार्यांच्या! आतमध्ये असली झेंडा आहे, आणि चिठ्ठी. लिहिलंय, जुलैमध्ये या पेपरचा नवीन वर्ग सुरू होईल, त्यासाठी ही आमच्याकडून छोटी भेट. प्राचार्य म्हणतात, आता बंद कसा करू? परत पाठवू का झेंडा? बाबांना म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत तुम्हीच या शिकवायला."

एक आवाज न चढवता, एक विनंती न करता, त्या ठेंगण्या बाईंनी काम फत्ते केलं होतं.

त्याच आठवड्यात मी माझ्या जुन्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकेकडे एक तास मागितला. फळ्यावर भूतानचा नकाशा काढला, चांगला फळाभर मोठा. दोन्ही शेजाऱ्यांना कडेला जेमतेम जागा उरली. मुलं हसली. मी म्हटलं, हसा, आज मोठं व्हायची भूतानची पाळी.

आणि हो, मुक्ताने तो खरा झेंडा मास्टरजींना दाखवायला नेला होता. त्यांनी चष्मा पुसून तो बराच वेळ न्याहाळला, ड्रॅगनला दाद दिली, आणि परत देताना हलकेच म्हणाले, "बढ़िया है, बेटा. बस, किनार सूनी है."