चौक ओलांडून सुट्टीला

इदालिना पळून गेली, अशी बातमी शुक्रवारी दुपारी सान्ताना गावात फुटली. तीही एका सफाचट तोंडाच्या परक्या माणसाबरोबर, हातात निळी पेटी घेऊन, भर चौकातून! बातमी बेकरीतून निघाली आणि चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचेतो त्या माणसाला सोन्याचा दातही बसला होता.

खरं एवढंच होतं की तो माणूस तिचा नवरा होता. तेर्सियोने लग्नाच्या आधीपासून जपलेली मिशी त्या सकाळी उतरवली होती. "सुट्टीला जायचं तर जरा हलकं होऊन जावं," हे त्याचं म्हणणं. मिशीविना घरच्या कुत्र्यानेही त्याला ओळखलं नाही, तिथे बिचाऱ्या बेकरीवालीचा काय दोष? आणि पळून पळून दोघं गेली कुठे, तर चौकापलीकडच्या लेओकादियाच्या पाहुणघरात. इदालिनाच्या स्वतःच्या पाहुणघराच्या खिडकीतून त्याचा दरवाजा दिसतो.

याहून लांब जाणार तरी कसं? तेर्सियो चर्चच्या घंटा वाजवणारा. आमच्या गावात जन्म, लग्न, मरण सगळं आधी घंटा सांगते, मग माणसं. त्याने सोमवारपर्यंत दोर न्हाव्याच्या, म्हणजे ओनोफ्रेच्या हाती दिला होता, पण त्याचे कान काही घंटेपासून लांब जायला तयार नव्हते. इदालिनाचं तर विचारूच नका. शहरातली जोडपी आमच्या गावात विसावा घ्यायला येतात, दगडगोट्यांच्या रस्त्यावर ठेचकाळत फोटो काढतात आणि "किती निवांत आहे हो!" म्हणतात. तो निवांतपणा इदालिना पहाटे काळोखात उठून चुलीवर शिजवते. लग्न झाल्यापासून एकदाही दुसऱ्या कुणी तिला बसल्या जागी कॉफी आणून दिली नव्हती. या खेपेला पाहुणघर बहिणीच्या गळ्यात घालून ती निघाली होती.

"तुझ्याच्याने बसवणार नाही," तेर्सियोने पेटी उचलताना खिजवलं. "तासाभरात लेओकादियाच्या चुलीपाशी दिसशील."

"आणि तू? घंटा वाजली की घोड्यासारखे कान टवकारून पळशील."

"लावतेस पैज? सोमवारपर्यंत जो आधी कामाला उठेल, त्याने वर्षभर पहाटेची कॉफी करायची. पाहुण्यांसकट."

इदालिनाने चौकातच त्याच्या हातावर टाळी दिली. वर्षभर उजाडेपर्यंत झोप! त्यासाठी ती झाडासारखी मुळं धरून बसायला तयार होती.

लेओकादियाने परसातल्या ओसरीत दोन झुले टांगून दिले. लेओकादिया इदालिनाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात आणि एकमेकींच्या हाताच्या चवीला नावं ठेवतात. शुक्रवार बरा गेला. कॉफी आली, चीजचे गरम गोळे आले, इदालिनाने ते चाखून "ठीक आहेत" म्हटलं. कोमाद्रेच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे फारच झालं.

शनिवारी दुपारी मात्र परीक्षा आली. स्वयंपाकघरात तांब्याच्या कढईत साखर घातलेलं दूध आटायला ठेवलं होतं. आमच्याकडे रीतच आहे: कढई चुलीवर असताना जो आत येईल त्याच्या हाती उलथनं द्यायचं. ओसरीत वास आला. आधी गोड, मग किंचित खालून लागल्याचा.

इदालिनाने झुल्याची कड घट्ट धरली.

"लागतंय वाटतं," तेर्सियो हळूच म्हणाला.

"लागू दे."

"तळाला काळं होईल गं."

"तिची कढई, तिचं काळं."

आतून लेओकादिया ओरडली, "कोमाद्रे, जरा ये की! दारात पाहुणे आलेत, माझे दोन हात कुठे कुठे पुरणार?"

इदालिनाचा एक पाय जमिनीला टेकला. तेर्सियो तोंडात टोपी कोंबून हसत होता. तिने दात आवळले, डोळे मिटले आणि पाय परत वर घेतला. "पाहुण्यांनाच दे उलथनं!" ती ओरडली. "शहरातले आहेत, त्यांना कौतुक वाटेल!"

आणि खरंच, शहरातलं एक नवीन जोडपं आळीपाळीने दूध ढवळत बसलं, खूश होऊन.

संध्याकाळी प्रार्थनेची घंटा व्हायची वेळ झाली. ती दोन्ही घंटांची, घाईघाईची असते. पण थोरल्या घंटेचा दोर ओनोफ्रेला ओढवेना. मग त्याने धाकटीच वाजवली, एकटी, दम खात खात. गावात धाकटी घंटा अशी थांबत थांबत कधी वाजते, तर एखादी बाई गेली की.

"मूर्खा!" तेर्सियो झुल्यातून उडाला. "बाईचं मरण वाजवतोय हा!" आणि अनवाणीच, मिशी नसलेल्या ओठावर हात ठेवून, तो चर्चकडे पळाला.

इदालिना झुल्यातच राहिली. लेओकादियाने नुकती कॉफी आणून दिली होती.

इकडे चौकात लोक जमले. कोण गेली? आधीची बातमी हाताशी होतीच. पळून गेलेली, निळी पेटी, परका माणूस... बेकरीवालीने छातीवर क्रूस काढला. "त्यानेच मारली असणार." मग कोमाद्रेला कळवायला सगळे रडव्या तोंडाने लेओकादियाच्या परसात शिरले, तर मेलेली बाई झुल्यात पाय हलवत कॉफी पीत होती.

"दोना इदालिना!" बेकरीवाली किंचाळली. "अहो, तुम्ही तर मेल्या होतात!"

इदालिनाने चर्चच्या दिशेने पाहिलं. आता दोन्ही घंटा मिळून, झोकात वाजत होत्या. वाजवणारा हात तिने ओळखला आणि कपातला शेवटचा घोट सावकाश घेतला.

"मग सोमवारपर्यंत मेलेलीच समजा. आणि मंगळवारपासून पहाटे कॉफी हवी असेल तर माझ्या नवऱ्याला उठवा."