पिढीजात मूळव्याध

कळसाडीच्या आमच्या घरात मूळव्याध मोठ्या मानाने नांदत होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शेत, भाऊबंद, कुलदैवत यांच्या ओघातच तीही मला सांगून टाकली. "आमना घरमा मूळव्याध बापजाद्यापासून शे." आजेसासऱ्यांना होती, सासऱ्यांना होती. सासरे, ज्यांना मुलं आबा म्हणत, ते तर ऐन चाळिशीत तिनेच गेले. याचं कोणाला नवल वाटत नसे. ताटात ठेचा नसला तर या घरचे पुरुष हात धुवून उठून जात. इतकं तिखट खाणाऱ्याला एवढं व्हायचंच, अशी सगळ्यांची समजूत होती.

त्यामुळे तेहतिशीत नवऱ्याला रक्त पडायला लागलं, तेव्हा घाबरलं कोणीच नाही. "वारसा मिळाला," असं त्यांनी मला हसत सांगितलं. घरात उपचारही ठरलेले होते. ठेचा बंद, जेवणात ताक, आठवड्याला सुरणाची भाजी, आणि खापर गावच्या बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडची झाडपाल्याची पूड. त्याच्या बापाने सासऱ्यांना औषध दिलं होतं. म्हणजे रोग पिढीजात, तसं औषधही पिढीजात. पूड घेतली की थोडे दिवस रक्त थांबायचं आणि घरभर त्या माणसाची वाहवा व्हायची. पुन्हा सुरू झालं की कोणाच्या तरी लग्नात खाल्लेल्या झणझणीत भाजीवर खापर फुटायचं. शहाद्याला नोकरीच्या ठिकाणी त्यांनी एका डॉक्टरला दाखवलं. त्याने टेबलावर झोपायलाही न सांगता मलम लिहून दिलं. या वयात दुसरं काय असणार, म्हणाला.

पुढे त्यांच्या पँटी ढिल्या व्हायला लागल्या. जिना चढताना ते मध्येच थांबायचे. मी हट्टाने सुरतेला घेऊन गेले. तिथे नळी घालून आतून तपासलं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत गेलेला.

डॉक्टरांनी मला विचारलं, घरात आणखी कोणाला होता का? मी नाही म्हटलं. मग वडील कशाने गेले, असं विचारलं. मी सरळ सांगितलं, मूळव्याधीने. त्यांनी लिहिणं थांबवलं. मूळव्याधीने माणूस असा झिजून मरत नाही, ते म्हणाले. धाकटा भाऊ आहे का विचारलं आणि त्याला काही त्रास नसला तरी आत्ताच तपासून घ्या, असं दोनदा बजावलं. पूर्वी या खोलीत म्हातारे यायचे, आता तुमच्या वयाची माणसं येतात आणि असं का होतंय हे आम्हालाही नीट सांगता येत नाही, असंही म्हणाले. बाहेर बाकांवर पाहिलं तर खरंच होतं. सोबतीला आलेले आईबाप म्हातारे होते आणि पेशंट तरुण होते.

कापसाची वेचणी सुरू असताना ते गेले. शेवटी शेवटी त्यांना ताकही पोटात ठरत नव्हतं.

दिराचं लग्न ठरलेलं होतं. तपासणीचं मी त्याच्या मागे लागले होते, पण तो हसण्यावारी न्यायचा. दीर-भावजयीची आमची थट्टामस्करी चालायची, त्यात हेही तो घालवून टाकायचा. सासूबाई म्हणायच्या, लग्न होऊ दे, मग बघू. सुरतेला नळी घालायला गेला हे कळलं तर पोरगी कोण देणार? मग घरात ठरलं की मोठा मुलगाही मूळव्याधीनेच गेला असं सांगायचं. मला कोणी विचारलं नाही.

दुखवट्याला दारावर बसायला बाया येत होत्या. एके दिवशी दिराच्या होणाऱ्या सासरची माणसंही आली. त्यांच्यातल्या एका म्हातारीने विचारलं, "काय व्हयनं व्हतं पोरले?"

"मूळव्याध व्हती," सासूबाई म्हणाल्या. "त्याना बापले बी तीच लई गई."

मी डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात बसले होते. नव्या विधवेने तोंड उघडायचं नसतं. पण दीर समोरच ओट्यावर उभा होता आणि त्याने मान डोलावली. ती डोलावलेली मान मला बघवली नाही.

"मूळव्याध नही," मी म्हटलं. "कॅन्सर व्हता. सासरासले बी तोच व्हता. आते यासनी तपासनी कराले जोयजे."

दिलेलं पाणी पाहुण्यांनी तसंच ठेवलं आणि ते लवकर उठले.

पत्रिका जुळत नाही, असा त्यांचा फोन आला. सासूबाईंनी माझ्या हातचं खाणं सोडलं. वंशाचा शत्रू घरात पाळला, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. दीर माझ्याशी बोलेनासा झाला. मला वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप नव्हता. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

उन्हाळ्यात एका दुपारी तो येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला. कोणाला न सांगता सुरतेला जाऊन आला होता. आतड्यात गाठी सापडल्या, त्या काढल्या. त्यातली एक बिघडायला लागली होती. थोडी वर्षं गेली असती तर भावाच्याच वाटेने गेलो असतो, असं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं.

मग म्हणाला, "वहिनी, आबाना येळले कोणी आसं चारचौघमा बोलतं, तं भाऊ आज ऱ्हाता."

मी बरं म्हटलं आणि चहा ठेवायला वळले. इतके महिने मला हेच हवं होतं. तरी पाठीमागे त्याचा श्वास ऐकू येत होता आणि मला त्याचा भयंकर राग आला. तो वाचला म्हणून.