बाटली दाखवणारी सिस्टर

आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागातल्या लसीकरण केंद्रातली सिस्टर इंजेक्शन भरण्याआधी प्रत्येकाला बाटली दाखवायची. "तारीख बघा, मग बाही वर करा. हात दुखेल, ताप येईल. आणखी काही वाटलं तर अर्धा तास मी समोरच आहे." कोरोनाच्या त्या दिवसांत एवढं ऐकून घाबरलेली माणसं शांत बसायची.

माझे थोरले भाऊ, दादा, बाही वर करून बसले होते. मीच त्यांना उठवलं. म्हटलं, "होलाष्टक लागलंय, होळी झाल्यावर घेऊ." होळीआधीचे हे आठ अशुभ दिवस आम्ही मराठी लोकांनी इकडच्या हिंदी भाषकांकडून उचललेले.

"काका, व्हायरसला पण सांगून ठेवा, होलाष्टक आहे म्हणून," सिस्टर म्हणाली.

होळीनंतर तिने दादांना फोन केला. तो मी उचलला आणि सांगितलं, "त्यांनी दुसरीकडे घेतली." पुढच्याच महिन्यात दादा कोरोनाने गेले. लसीने वाचलेच असते असं कोण सांगणार. पण ती संधी मी घालवली.

पावसाळ्यात मी लस घ्यायला गेलो. तिने ओळखलं. "मोठ्या काकांचा दुसरा डोस झाला?"

मी सगळं सांगितलं.  तिने मला बाटली दाखवली, लस टोचली आणि लस घ्यायला कचरत दाराशी बसलेल्या एका गृहस्थांशेजारी बसवलं. "काका, आता यांना सांगा."

सांगितलं. हेही सांगितलं, की होलाष्टक नुसतं निमित्त होतं. मोबाइलवर काहीबाही वाचून लसीला मीच भ्यालो होतो.

गृहस्थ उठले. "सिस्टर, तारीख दाखवा," म्हणाले.