वरून पाहिलं तर गंगूची वाडी कुठे?

मंडळी, दुपारीच लिहायला हवं होतं, पण फोनवर बोटं लवकर चालत नाहीत. उशिराबद्दल राग मानू नका.

माझी नात सोनल नेरळला संगणकावर खोटे डोंगर बनवते आणि त्यांवरून पाखरासारखी उडत जाणारी फिल्म करते. आज तिनं कोंडाण्याच्या लेण्यांकडचा आपला डोंगर दाखवला. कडे, ओढे, झाडं, सगळं हुबेहूब. पण माझी बहीण गंगू राहते ती वाडी कुठेच नाही. नुसतं रान.

"अगं, वाडी कुठं गेली गं?"

"आबा, नकाशात ती झाडीखाली लपलीय. तुमी बोट ठेवा, मी घरं घालते."

मी बोट ठेवलं, उचललं, पुन्हा दुसरीकडे ठेवलं. जन्मभर ती वाट पायांनी ओळखली. चालताना एकच ओढा लागतो, वरून तर चार दिसतात!

"आबा, इथं घातली तर गंगूआजी कड्यावरनं खाली येईल," सोनल हसली. मला हसू आलं नाही.

फिल्म पायथ्याशी बंगले बांधणाऱ्यांसाठी आहे. वाडीची वाट त्यांच्याच जागेतून जाते. डोंगर रिकामा दिसला आणि त्यांनी वाटेला फाटक लावलं, तर गंगूनं उतरायचं कुठून?

तिच्या फोनला रेंज नाही, माझे गुडघे चढत नाहीत. वाडी कोणत्या ओढ्याला लागून आहे, हे कोणाला ठाऊक आहे का? सोनल सकाळी फिल्म देऊन टाकणार. त्याआधी कळवा, मी फोन हातात धरून बसलोय.