मिठाच्या वाटेवरचं घर

आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा उंबऱ्यातून ‘जाते गं’ म्हणून ओरडले, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की तो आठवला तरी अजून पाठ ताठ होते. “मेलेली मानसं जात्यात,” ती म्हणाली. “जित्या मानसानं येते म्हनावं.”

आईचं माहेर लोणावळ्याच्या पलीकडे, मिठाच्या वाटेवर. कोकणातून मीठ लादलेले बैल घाट चढून यायचे आणि पुढे मिठाच्या गाड्या त्याच वाटेने देशावर जायच्या. आईचं लग्न झालं आणि दोन-तीन वर्षांत तिथे धरण झालं. गाव उठलं, वाट बुडाली. माहेरची माणसं घाईघाईने दुसरीकडे गेली, घर सोडताना लेकीला बोलावणं काही कुणाला सुचलं नाही. ते तिने जन्मभर मनात धरलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात एका वर्षी पावसाने दगा दिला. त्या थंडीत आईला ताप आला. ताप उतरला, पण आई काही उठेना. दोन घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. विचारलं तर म्हणायची, “आई बोलावती.” आजीला जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. मी तळेगावहून, सासरहून आले, रागावले, रडले, सगळं करून पाहिलं. उन्हाळ्यात धरणाचं तळं आटून जुनी वाट उघडी पडल्याचं कानावर आलं, तशी ती आपणहून उठून बसली.

“एकदा घर दाव मला. मंग काय व्हायचं त्ये हू दे.”

वैद्य नको म्हणाले. मी नेलं. नको म्हटलं की आधी करायचं, ही माझी खोड जुनीच.

गाडीवान डोंगरातल्या वाडीचा होता, कमी बोलणारा. भर दुपारी आम्ही काठ उतरून तळ्याच्या तळात शिरलो. जिकडे बघावं तिकडे भेगाळलेला पांढरट गाळ. एक झाड नाही, पाखरू नाही, सावली तेवढी आमच्याच गाडीची. वाटेवरच्या खडकात जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या झिजून खोल झाल्या होत्या. आमची चाकं त्यात धप्पकन उतरली आणि मग बाहेर निघेनात. गाडीवानाने कासरा सैल सोडला. हाकायला काही उरलंच नव्हतं, वाटच आम्हाला नेत होती.

आई डोळे मिटून बसली होती. तशीच सांगत होती, “आता उतार. आता बैलांचं पानी प्यायचं टाकं.” उतार यायचा, टाकं यायचं. आधी मला मौज वाटली. नंतर वाटेना. एका ठिकाणी ती म्हणाली, “आलं,” आणि बैल उभे राहिले. कुणी थांबवलं नव्हतं.

“बैल म्होरं न्हाई जायाचे, मावशी,” गाडीवान खाली बघत म्हणाला. “मी हितंच हाय.”

घर म्हणजे उरलं होतं जोतं, दगडी उंबरा आणि गाळात निम्मं रुतलेलं जातं. भिंती नव्हत्या, कुठूनही आत जाता आलं असतं. आई मात्र वळसा घालून दारापाशी गेली आणि नसलेल्या चौकटीखाली वाकून आत शिरली. तिच्या मागोमाग मीही वाकले. का वाकले ते सांगता येत नाही.

“जरा पडते,” म्हणाली आणि जात्याशेजारी कान जमिनीला लावून निजली. वरची माती तापलेली, पण भेगेत बोट घातलं तर आत गार, ओलं. ती जागा मला मुळीच आवडली नाही. आईचा श्वास चालू आहे ना, ते बघत मी बसून राहिले. ती झोपेत हसत होती, आणि महिनोन्‌महिने ती आमच्यापैकी कुणाकडे बघून तशी हसली नव्हती. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती उठली, पदर झटकला, उंबऱ्याबाहेर जाऊन वळली.

“येते गं, आई.”

आणि मान जराशी कलती करून उभी राहिली. आतून ‘ये’ म्हणतात ना, त्याची वाट बघत. मी अजून आतच होते, आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलंय असं मला वाटलं.

“आई! येते म्हनू नगं,” मी किंचाळलेच. “जाते म्हन!”

तिने माझ्याकडे पाहिलं. आता पुन्हा धपाटा बसणार, असं क्षणभर वाटलं. मग तिचे डोळे भरून आले.

“जाते, आई,” ती जात्याकडे बघत म्हणाली. “आता न्हाई यायची मी.”

परतताना ती एकदाही मागे वळली नाही. काठावर चढल्यावर तिने भाकरी मागितली आणि अख्खी खाल्ली.

चार दिवसांनी मी सासरी निघाले. उंबऱ्यात थांबून म्हणाले, “येते गं, आई.”

चुलीपुढून आवाज आला, “ये. आन् लवकर ये.”